सात गल्ल्यांचा नकाशा

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे.

संदीप,

काल तुझा दहावा झाला. तुझे मित्र तुझ्या गाण्यांची एक पुस्तिका काढणार आहेत. तिची पहिली दोन-तीन पाने मी लिहावीत, असे इम्रानने घाटावर सांगितले. मी तिथे नाही म्हणालो आणि घरी आल्यावर हो म्हणून निरोप पाठवला. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी यांची माहिती इतर कोणीही देईल. ती मी देणार नाही. द्वारकेच्या चौकात त्या शनिवारी काय झाले, तेही लिहिणार नाही. आपला एक वाद अपुरा राहिला आहे, त्याबद्दल लिहितो. काम अपुरे सोडलेले मला चालत नाही, हे तुला माहीत आहे.

कावळ्याचे आधी सांगतो. पंचवटीत पिंड ठेवले आणि तो लगेच शिवला. पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. नातेवाइकांना हायसे वाटले. पोराच्या मनात काही उरले नव्हते, असे जो तो म्हणू लागला. गुरुजींनीही मान डोलावली. मला ते पटले नाही. त्याने थोडे थांबावे, असे मला वाटत होते. तू माझ्याकडे एकच गोष्ट चार वेळा मागितलीस आणि मी ती चारही वेळा नाकारली. तीही तुझ्या मनात उरली नसेल, तर तू माझी आशा सोडली होतीस, एवढाच त्याचा अर्थ होतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. द्वारकेच्या मागे, नाल्याला लागून खापरवाडी नावाची वस्ती आहे. तू तिथे जन्मलास. अकरा वर्षांचा होईपर्यंत तू, तुझी आई आणि मी सातव्या गल्लीत पत्र्याच्या एका खोलीत राहिलो. मग पाथर्डी फाट्याकडे दोन खोल्यांच्या या फ्लॅटमध्ये आलो. मी कचेरीत आरेखक होतो, म्हणजे नकाशे काढणारा. तू तीन वर्षांचा असताना वस्त्यांची मोजणी निघाली आणि खापरवाडीचे काम माझ्याकडे आले. ज्या वस्तीत राहत होतो तिचाच नकाशा मी काढला. मोजणीची साखळी धरायला दोन माणसे आणि मी. अकरा दिवस लागले. घर न् घर मोजले. गल्ल्या सात भरल्या. वरिष्ठांनी त्या नकाशावर लाल पेन्सिलीची एकही खूण केली नाही. पूर्ण नोकरीत असे तीनदाच घडले.

तुझी आई जाऊन वर्ष झाले तेव्हा तू गाणे केलेस. मी त्याला गाणे म्हणत नसे. चाल नाही, नुसता ताल. गाणे नाही, भरभर बोलणे. तू रॅप म्हणायचास. ऐका म्हणून तू फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवलास. पहिली ओळ आली:

सात गल्ल्या नकाशात, आठवी हाय पायात

मी फोन पालथा घातला. बंद कर म्हणालो. एक तर 'हाय' नव्हे, 'आहे'. या घरात 'हाय' चालणार नाही, हे मी तुला फ्लॅटमध्ये आलो त्याच दिवशी सांगितले होते. दुसरे म्हणजे गल्ल्या सात आहेत. आठवी कुठून आणलीस?

"बाबा, पुढची ओळ तर ऐका," तू म्हणालास.

पहिल्याच ओळीत चूक असलेला कागद मी पुढे वाचत नाही. कचेरीत वाचला नाही, घरीही वाचला नाही. ते गाणे पुढे कुठे कुठे वाजले. रिक्षांत वाजले, गणपतीत वाजले, कॉलेजांत वाजले. तुझ्या मित्रांनी छातीवर '८' छापलेले काळे टी-शर्ट केले. मी मात्र त्याची एकच ओळ ऐकली.

मला समजावण्याचे कष्ट तू घेतलेस, ते नाकारत नाही. अमेरिकेतल्या शहरांत काळ्या माणसांना एका कोपऱ्यात ढकलले होते, तिथल्या पोरांनी हा प्रकार सुरू केला, असे तू सांगितलेस. त्यांच्या मोहल्ल्याचे नाव पेपरात फक्त गुन्ह्याच्या बातमीत येई. मग त्यांनी आपणच ते नाव घ्यायला सुरुवात केली, रस्त्याच्या नंबरासकट, कोपऱ्यावरच्या दुकानासकट. पुढे त्याच मोहल्ल्याच्या नावाच्या टोप्या जगभर खपू लागल्या. मी विचारले, टोप्या विकून कोण मोठे झाले? तू हसलास. "हाच प्रश्न आम्हीपण विचारतो," म्हणालास. मला वाटले, आता मी जिंकलो. म्हणून पुढे बोलत राहिलो. ती पोरे निदान तिथे राहत होती. आपण तिथून बाहेर पडलो. जो चिखल आपल्या पायाला राहिला नाही, तो कपाळाला लावून मिरवणे याला मी ढोंग म्हणतो.

तू टेबलावरचा फोन उचललास.

"वस्ती तुम्ही सोडली, बाबा. मी नाही सोडली. मला उचलून आणलं."

मी टाकीचा पंप बंद करायला निघून गेलो. पंप चालू नव्हता.

तुझी आई तिथे फार हाल सोसून राहिली, असे तुझे म्हणणे होते. मला ते आरोपासारखे लागे. पत्रा गळला की मी त्याच दिवशी डांबर लावले. स्टोव्ह कधी नादुरुस्त राहू दिला नाही. तिच्या उजव्या कोपराला बारा महिने खरचटलेले असे; त्यासाठी घरात मलमाची ट्यूब कधी संपू दिली नाही. कशाने लागले म्हणून विचारले की ती म्हणे, घासलं कुठंतरी. मी नवी ट्यूब आणून ठेवत असे. नवऱ्याने यापेक्षा जास्त काय करायचे असते, असे मला प्रामाणिकपणे वाटे.

दोन गोष्टी मी तुला कधी सांगितल्या नाहीत. पहिली अशी. मुंबईहून काही मंडळी वस्तीत तुझ्या गाण्याच्या चित्रीकरणाला आली होती. त्यांना खापरवाडी हवी तेवढी गरीब दिसेना. घरांचा निळा-पिवळा रंग त्यांना नको होता. नाल्याकडे आणखी थोडा कचरा टाकता येईल का, असे त्यांनी विचारले. तू त्यांना चहा पाजून परत पाठवलेस. हे मला इम्रानकडून कळले. तू सांगितले नाहीस, कारण मी "बघ, मी म्हणत होतो" असे म्हणालो असतो. म्हणालोच असतो. पण त्याच दिवसापासून मी तुझ्या खोलीच्या बंद दाराबाहेर थोडा वेळ उभा राहू लागलो. इतरांच्या गाण्यांत चाकू, नशा आणि पोलिसांची गाडी असते, असे मी पेपरात वाचले होते. तुझ्या गाण्यांत पिठाची गिरणी होती. दळण काढून झाल्यावर गिरणीवाला कापडी नळीवर थापा मारतो, तो आवाज तू तोंडाने काढायचास. तो हुबेहूब होता. हे मी तेव्हा सांगायला हवे होते.

दुसरी गोष्ट कोथिंबिरीची. पंचवटीच्या बाजारात एका भाजीवाल्या बाईने माझ्या पिशवीवरचे नाव वाचले आणि विचारले, तुम्ही आठवी गल्लीवाल्याचे वडील का? मी हो म्हणालो. तिने दोन जुड्या कोथिंबीर पिशवीत टाकली आणि काही केल्या परत घेईना. तिचा मुलगा तुझी गाणी म्हणत शाळेत जातो, असे ती म्हणाली. कोथिंबीर ताजी होती. घरी आल्यावर मी तुला सांगितले, की आज बाजारात काही धड मिळाले नाही.

आता ती चार वेळांची गोष्ट. एका वाचनालयाने तुझा सत्कार केला, तेव्हा मी मागच्या रांगेत बसलो होतो. तू आठव्या गल्लीचे नाव घेतलेस आणि मी उभा राहिलो. खापरवाडीत गल्ल्या सात आहेत, नकाशा मी स्वतः काढला आहे, असे सांगितले. लोक हसले. मला हसले की तुला, ते मला कळले नाही. तू माईकवरच म्हणालास, बाबा, एकदा या, दाखवतो. टाळ्या पडल्या. मी तो उद्धटपणा समजलो. नंतर दोनदा घरी विचारलेस. मोजलेली जागा मी पुन्हा बघत नाही, असे मी दोन्ही वेळा उत्तर दिले. चौथी वेळ त्या शनिवारी सकाळी. चपला घालता घालता तू विचारलेस, "आज येता का? सुट्टी आहे, सावकाश जाऊ." मी म्हणालो, आज रद्दीवाला येणार आहे.

रद्दीवाला आला नाही.

मी तुझ्याबरोबर असतो तर अपघात टळला असता, असे काही लोक म्हणतात. मी तसे म्हणत नाही. मी तुझ्याबरोबर असतो तर आपण मोटारसायकलऐवजी रिक्षाने गेलो असतो, एवढेच मला माहीत आहे.

काल घाटावर ताराबाई आल्या होत्या. सातव्या गल्लीत आपल्यासमोर राहायच्या, अजून राहतात. त्या रडल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, पोरगं बोलवून बोलवून थकलं. आता मी बोलावते. उद्या या." कशाला, असे मी विचारले. "गल्ली बघाया. तुमचा टेप घेऊन या."

दहा वाजता इम्रान न्यायला येईल. मोजायचा टेप खिशात ठेवला आहे. आत्तापर्यंतच्या माझ्या माहितीप्रमाणे गल्ल्या सात आहेत.

दुपारचे दोन वाजून पाच मिनिटे.

परत आलो. क्रमाने लिहितो.

इम्रान मोटारसायकल आणणार होता. मी रिक्षा सांगितली. द्वारकेला सिग्नल लागला. इम्रानने माझ्याकडे पाहिले नाही, मी बाहेर पाहिले नाही. सिग्नल सुटल्यावर तो म्हणाला, "काका, त्याने गाणं लिहिलं ना, तेव्हा माझ्या दुकानात माझ्यासमोर बसला होता. मी दुरुस्तीचा मोबाइल खोलून बसलेलो. तो बोलला, हे एकाच माणसासाठी आहे, बाकी लोक फुकटात ऐकतील." कोण माणूस, असे मी विचारले नाही.

सातव्या गल्लीच्या तोंडाशी ताराबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मोजणीसाहेब आले गं," असे त्यांनी ओरडून सांगितले आणि चार दारांतून बायका बाहेर आल्या. आपल्या जुन्या खोलीवर आता स्लॅब आहे. आम्ही तिथे न थांबता गल्लीच्या टोकाशी गेलो. टोकाला, माझ्या नकाशात जिथे भिंत आहे, तिथे निळी ताडपत्री टांगलेली होती. माझ्या काळात गोणपाट असे. ताराबाईंनी ती एका हाताने वर धरली. पलीकडे बंद गोदामाची मागची भिंत, नाल्याचा कठडा आणि दोहोंच्या मध्ये एक वाट.

"आठवतं का?" त्या म्हणाल्या. "तुमी साखळी घेऊन आलता. आमी पल्याड धुनं धूत व्हतो. तुमची मानसं पडदा सारून आत याया लागली, तवा मीच वरडले, इकडं काय मोजता, बायकांची न्हानी मोजता व्हय?"

आठवले. मी लगेच माणसांना मागे बोलावले होते आणि पडदा पुन्हा नीट लावायला सांगितला होता. वहीत त्या जागी 'भिंत' असे लिहिले होते. सभ्य माणसाने हेच करायला हवे, असे मला वाटले होते. त्या बाजूला पुरुषांनी जायचे नाही, हा वस्तीचा नियम होता. मी तो तिथे राहिलो तोवर काटेकोर पाळला. पलीकडे बायकांची धुण्याची आणि आंघोळीची जागा आहे, एवढे ऐकून होतो. बायका मोठ्या रस्त्याने वळसा घालून तिकडे जातात, असे मी धरून चाललो होतो. आपली बायको रोज कोणत्या वाटेने जाते, हे मी तिला कधी विचारले नाही.

"तुमची सुमन माज्या बाजूलाच व्हती," ताराबाई म्हणाल्या. "तोंडात पदर कोंबून हसली. म्हनली, आमचे साहेब लाजून मागं फिरले बघ."

तिने मला का सांगितले नाही, असे मी विचारले.

"मी म्हनले तिला, सांग घरी. तर म्हनाली, अकरा दिस खपून काढलाय नकाशा, समदा परत काढाया लागंल. ऱ्हाऊ दे. आपल्याला वाट ठाव हाय ना."

मी टेप काढला. सर्वांत अरुंद जागी एक फूट अकरा इंच. तीन फुटांखालची वाट रस्ता म्हणून दाखवू नये, असा कचेरीचा नियम होता. मी त्या नियमाआड आता लपणार नाही. मी वाट मोजलीच नव्हती. पुढे निघालो, तेव्हा ताराबाईंनी अडवले. त्यांनी सुनेला हाक मारून पाण्याने भरलेली बादली आणवली.

"मोकळ्या हातानं मोजता व्हय? ही घ्या."

इम्रान बादली घ्यायला पुढे झाला. "तू नको," त्या म्हणाल्या. "त्यांनाच घेऊ दे."

बादली घेऊन तिथून सरळ चालता येत नाही. अंग आडवे करावे लागते, बादली मागच्या हातात ठेवावी लागते आणि पाणी सांडू नये म्हणून हात कोपरात वाकवून धरावा लागतो. गोदामाची भिंत विटांची आहे, बिनगिलाव्याची. गुडघ्याच्या उंचीवर विटांमध्ये एक आडवी रेघ गेली आहे, बोटभर खोल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडीच्या लोखंडी बादल्यांनी घासून घासून ती पडली आहे. इतकी सलग रेघ मी पट्टी लावूनही क्वचित काढली असेल. मी ती पाहत चाललो होतो, तेवढ्यात माझे उजवे कोपर भिंतीला लागले. दोन पावलांवर पुन्हा लागले. मग प्रत्येक पावलाला लागत गेले.

मी थांबलो. मागून ताराबाईंना वाटले, मी दमलो. त्या उभ्या राहून म्हणू लागल्या. ताल नव्हता, घाई नव्हती. जात्यावरची ओळ म्हणावी तशा सपाट आवाजात:

सात गल्ल्या नकाशात, आठवी हाय पायात,
बादली तिच्या हातात, मी तिच्या पदरात

ही दुसरी ओळ. संदीप, ही ओळ तू सहा वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर ठेवली होतीस.

"पदर धरून पुढं चालायचा ह्यो," ताराबाई म्हणाल्या. "आईला वाट दाखवायचा. तीन वर्साचं पोर, म्हनायचं, आई, इथं कोपर संबाळ."

मी बादली पलीकडच्या टोकापर्यंत नेली. तिथे आता काही नाही. घरोघर नळ आले, तेव्हापासून तिथे कोणी जात नाही. म्हणूनच मला आत सोडले. फरशीचे चार दगड आहेत, बसून बसून गुळगुळीत झालेले. त्यांतला सुमनचा कोणता, असे मी विचारले. ताराबाईंनी दाखवला. मी बादली त्या दगडावर ओतली, कारण ती परत न्यायची की नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते.

इम्रानला एक सूचना. पुस्तिकेत 'हाय' आहे तसेच ठेवावे. कोणी ते सुधारू नये. वाचनालयातल्या त्या कार्यक्रमाला जे हजर होते, त्यांच्यासाठीही लिहितो: माझे म्हणणे चुकीचे होते, संदीपचे बरोबर होते.

तुझ्याशी आणखी काय बोलायचे, ते मला येत नाही. तू बोलावलेस, मी आलो नाही. आलो तेव्हा तू दाखवायला नव्हतास. तुझ्या आईने माझा नकाशा वाचवायला रोजचे खरचटणे गप्प ठेवले आणि तू तिच्यासाठी ते जगाला ऐकवलेस. दोघांच्या मध्ये मी मलमाच्या ट्यूबा आणत राहिलो. तू मला ढोंगी म्हणू शकला असतास. तू फक्त 'या' म्हणालास. त्याबद्दल मी ऋणी आहे. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

एवढे लिहून झाल्यावर पत्र्याच्या नळीतून नकाशाची माझ्याकडची प्रत काढली. ती पिवळी पडली आहे, पण रेघा स्वच्छ आहेत. 'भिंत' हा शब्द एका रेघेने खोडला. सातव्या गल्लीच्या टोकापासून नाल्याच्या कडेने नवी वाट काढली, मोजमाप घातले आणि आठ हा आकडा टाकला. 'मोजणी करणार' या चौकटीत माझी सही आहे. तिच्याखाली तुझे नाव लिहिले. तुझ्या आईच्या नावाला चौकटीत जागा उरली नाही. ते चौकटीबाहेर लिहिले. शाई वाळेपर्यंत तिथेच बसलो. मग निब पाण्याने धुतले, फडक्याने पुसले, दौतीला झाकण लावले आणि उजव्या कोपराला मलम लावले.